नवरात्र, पाळी लांबवायची गोळी आणि सुजलेली डावी पोटरी

(हे प्रकरण एका विशिष्ट बाईचं नाही. स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागात सुट्या सुट्या दिसणाऱ्या गोष्टी शिकवण्यासाठी एकत्र आणल्या आहेत. औषधांचे डोस आणि आकडे मात्र खरे आहेत.)

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ३७ वर्षांची बाई लंगडत येते. राहणार सिडको, नोकरी अंबड एमआयडीसीत जुळणीच्या लाइनवर, आठ तास खुर्चीत बसून. दोन मुलं, थोरली मुलगी पंधराची. तक्रार एकच: डावी पोटरी तीन दिवसांपासून ठणकते आहे आणि कालपासून चप्पल घट्ट होते आहे. कारण तिने स्वतःच ठरवून आणलं आहे. सातव्या माळेला सप्तशृंग गडावर गेली होती, सुमारे ५०० पायऱ्या चढली-उतरली, त्यात उपवास. घरच्यांनी पाय तेलाने चोळून दिला, शेकला. मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या. ठणका थोडा कमी झाला, सूज वाढली.

‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर आलं, ‘नाही.’

खोटं सांगायचा तिचा काहीच हेतू नव्हता. आपल्याकडे ‘औषध’ म्हणजे आजारावर घेतलेलं. गर्भनिरोधक गोळी औषधात धरली जात नाही आणि पाळी लांबवायची गोळी तर नाहीच. ती देवधर्माच्या तयारीत मोडते. म्हणून प्रश्न तीन तुकड्यांत विचारावा लागतो: दिवस न राहण्यासाठी काही घेता का? पाळी पुढे ढकलायला किंवा आणायला गेल्या दोन महिन्यांत काही घेतलंत का? मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय काय आणलंत? तिसऱ्या प्रश्नाला तिने पर्स उघडली. आत दोन पाकिटं निघाली.

पर्समधली दोन पाकिटं

पहिलं माला-डीसारखं साधं २८ गोळ्यांचं पाकीट. त्यात २१ पांढऱ्या गोळ्या असतात आणि प्रत्येकीत लेव्होनॉरजेस्ट्रेल (हे प्रोजेस्टिन) ०.१५ मिग्रॅ व इथिनिल इस्ट्राडिऑल (हे इस्ट्रोजेन) ०.०३ मिग्रॅ, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्या लोहाच्या. त्यांत संप्रेरक नाही. जूनपासून ती नियमित घेत होती. चार पाकिटं संपून पाचवं सुरू होतं. सुरू करताना तिचा रक्तदाब कुणी मोजला नव्हता.

दुसरं पाकीट नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅचं. पाळी घटस्थापनेच्या सुमारास येईल असा तिचा हिशोब होता. दुकानात ‘पाळी लांबवायची गोळी द्या’ म्हटल्यावर हे मिळालं: दिवसाला तीन, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. तिने घटस्थापनेच्या तीन दिवस आधी सुरू केलं आणि दसऱ्यापर्यंत घेतलं. १३ दिवस, ३९ गोळ्या.

दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. नॉरएथिस्टेरॉन सुरू झालं तो माला पाकिटाचा १९ वा दिवस. पहिले तीन दिवस दोन्ही गोळ्या एकत्र गेल्या. मग सात दिवस तपकिरी गोळी आणि नॉरएथिस्टेरॉन. आठव्या माळेपासून दसऱ्यापर्यंत नव्या पाकिटातली पांढरी आणि नॉरएथिस्टेरॉन, पुन्हा तीन दिवस एकत्र.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी की तिला जे हवं होतं ते पहिल्याच पाकिटात होतं. संयुक्त, म्हणजे ही दोन्ही संप्रेरकं असलेली, गोळी घेणाऱ्या बाईला पाळी लांबवायला दुसरं काही लागत नाही. २१ पांढऱ्या संपल्या की तपकिरी सोडून द्यायच्या आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी घ्यायची. एखाद-दुसरा डाग दिसू शकतो, एवढंच. नव्या पाकिटाच्या पांढऱ्या संपून थांबलं की रक्तस्राव येतो. ही ‘पाळी’ तशीही खरी पाळी नसते. संप्रेरक काढून घेतल्यामुळे अस्तर गळून पडतं. ती दर महिन्याला आलीच पाहिजे असं शरीराचं काही म्हणणं नाही.

हे समजायला गोळी नेमकं काय करते ते पाहावं लागतं. एरवी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक स्रवतं, त्याने अंडाशयात बीज धरून असलेला बीजकोश वाढतो. मग एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची एक मोठी उसळी येते आणि बीज बाहेर पडतं. गोळीतलं इस्ट्रोजेन एफएसएच दाबून ठेवतं, त्यामुळे बीजकोश मोठा होत नाही. प्रोजेस्टिन एलएचची उसळी होऊ देत नाही. शिवाय प्रोजेस्टिनमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट, चिकट होतो आणि शुक्राणू वर सरकत नाहीत; अस्तरही पातळ राहतं. अंडाशयाला नीट झोपवायला सलग सात दिवसांच्या गोळ्या लागतात आणि सात दिवस मोकळे गेले तरी ते जागं होत नाही. आठवा, नववा दिवस मोकळा गेला तर होऊ शकतं. म्हणूनच नवं पाकीट उशिरा सुरू करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. मधली एक गोळी विसरली तर आठवताच घ्यायची, पुढची वेळेवर. दोन किंवा जास्त सलग विसरल्या तर एक लगेच घ्यायची, बाकीच्या सोडून द्यायच्या आणि सात दिवस निरोध वापरायचा. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर तपकिरी गाळून थेट नवं पाकीट. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने गोळी निकामी होते. सर्दी-खोकल्याच्या साध्या प्रतिजैविकांनी होत नाही, तरी हा समज काही जात नाही.

दुसऱ्या पाकिटात लपलेलं इस्ट्रोजेन

नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टिन आहे आणि प्रोजेस्टिन म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती नाही असा सरसकट समज आहे. केवळ प्रोजेस्टिनच्या रोजच्या ०.३५ मिग्रॅ गोळीपुरता तो बरोबरही आहे. पण नॉरएथिस्टेरॉनचा छोटासा अंश शरीरात इथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतो. ०.३५ मिग्रॅवर तो नगण्य. दिवसाला १५ मिग्रॅ म्हणजे त्याच्या चाळीसपटीहून जास्त. आणि रोजच्या १० ते २० मिग्रॅ डोसमधून तयार होणारं इस्ट्रोजेन २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गोळीइतकं भरतं. म्हणजे पाळी लांबवायला हा डोस घेणारी बाई, पाकिटावर कुठेही इस्ट्रोजेन लिहिलेलं नसताना, प्रत्यक्षात संयुक्त गोळीच घेत असते. या बाईच्या शरीरात एकत्र घेतलेल्या दिवसांत ३० अधिक २० ते ३०, असं ५० ते ६० मायक्रोग्रॅम होतं. जास्त धोक्यामुळेच ५० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या मागे पडल्या आणि त्यांची जागा ३० आणि २० च्या गोळ्यांनी घेतली.

रक्त का गोठतं? तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जातं. गोठण्याचे घटक यकृतच बनवतं. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली ते फायब्रिनोजेन आणि घटक ७, ८, १० जास्त बनवतं. गोठणं रोखणारं प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन कमी पडतं. तराजू एका बाजूला झुकतो. बहुतेक बायकांत काहीच होत नाही, कारण झुकाव लहान असतो. मग त्यात वजन, वय, बसून काम, घराण्यातला कल आणि निर्जळी उपवास यांची भर पडते. तेच यकृत अँजिओटेन्सिनोजेनही जास्त बनवतं, म्हणून काहींचा रक्तदाब चढतो.

आकडे सांगताना घाबरवायचं नाही आणि झाकायचंही नाही. युरोपीय औषध नियामकाने २०१३ मध्ये दिलेला हिशोब असा: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला सुमारे २ जणींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या संयुक्त गोळीवर ५ ते ७, डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोनच्या गोळीवर ९ ते १२. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका गोळीपेक्षा बराच जास्त असतो. गोळीवरचा धोका पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक. चार आठवडे किंवा जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केली तर तो पुन्हा वर जातो. ‘जरा विश्रांती देऊया गोळीला’ हा सल्ला म्हणून उलटा आहे. ही बाई चौथ्या-पाचव्या महिन्यात होती.

तपासणी: पायऱ्यांना दोष द्यावा का?

वजन ७८ किलो, उंची १५२ सेंमी, बीएमआय ३३.८. नाडी ९६, ऑक्सिजन ९७ टक्के, श्वास शांत. रक्तदाब १४८/९४; दहा मिनिटं बसवून पुन्हा १४६/९४. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो त्याच्या १० सेंमी खाली टेप लावला: उजवी पोटरी ३५.५ सेंमी, डावी ३९.५. डाव्या नडगीवर बोट दाबलं की खळगा राहतो, उजवीवर नाही. पोटरीच्या मागे खोल शिरेच्या रेषेत दुखतं.

खोल शिरेतली गुठळी किती संभवते हे ठरवायला वेल्सचे गुण वापरतात. शिरेच्या रेषेत दुखणं १, पोटरीत ३ सेंमीपेक्षा जास्त फरक १, एकाच पायात खळगा पडणारी सूज १. एकूण ३. आणि ‘दुसरं निदान तितकंच शक्य वाटतं’ असं तपासणाऱ्याला वाटलं तर उणे २. सगळा खेळ या उणे दोनवर आहे. पायऱ्या चढून स्नायू दुखावला असं मानलं तर गुण उरतो १, बाई घरी जाते वेदनाशामक घेऊन. पण पायऱ्या दोन्ही पायांनी चढल्या होत्या. चढाचं दुखणं दोन्ही मांड्या-पोटऱ्यांत येतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग ओसरतं. इथे एकच पाय, सूज चढती आणि फरक तब्बल ४ सेंमी. उणे दोन द्यायला जागा नव्हती. आणखी एक: वेल्सच्या यादीत संप्रेरकांच्या गोळ्यांचा उल्लेखच नाही. यादी भरून मोकळं होणाऱ्याच्या हातून पर्समधली पाकिटं निसटतात ती अशी.

गुण २ किंवा जास्त असल्यावर डी-डायमर या रक्ततपासणीत वेळ घालवायचा नाही, थेट डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. डाव्या मांडीची आणि गुडघ्यामागची खोल शीर प्रोबने दाबली तरी मिटत नव्हती: गुठळी, आणि तीही गुडघ्याच्या वरपर्यंत पोचलेली. गुठळ्या डाव्या पायात जास्त सापडतात, कारण ओटीपोटात डाव्या बाजूची शीर उजव्या धमनीखालून जाते आणि थोडी चेपली जाते.

चोळणं त्याच क्षणी बंद. पोटरी एकाएकी एका बाजूने सुजली तर तेल-बाम लावून रगडू नये. ताजी गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. धाप, छातीत श्वासासोबत टोचणं, खोकल्यातून रक्त, भोवळ यांतलं काहीही झालं तर रिक्षा शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

उपचार, आणि दबा धरून बसलेली दुसरी चूक

लघवीची गर्भचाचणी नकारात्मक. हिमोग्लोबिन १०.४, प्लेटलेट, क्रिएटिनिन, यकृत ठीक. रक्त गोठू न देणारी रिव्हरॉक्सॅबॅन १५ मिग्रॅ दिवसातून दोनदा २१ दिवस, नंतर २० मिग्रॅ रोज एकदा, किमान तीन महिने. या दोन्ही ताकदीच्या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या. रिकाम्या पोटी त्या पुरेशा शोषल्या जात नाहीत. उपवास करणाऱ्या घरात हे मुद्दाम, दोनदा सांगावं लागतं, कारण कोजागिरी तोंडावर आणि मग कार्तिकातल्या एकादश्या. उपास असला तर भगर-आमटीच्या भरपेट ताटाबरोबर, नुसत्या चहाबरोबर नाही. पहिल्या २१ दिवसांत सकाळची गोळी राहिली तर संध्याकाळी दोन एकदम घेतल्या तरी चालतात. दिवसाचे ३० मिग्रॅ पूर्ण व्हायला हवेत. डायक्लोफिनॅक बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. अंथरुणाला खिळून राहायचं नाही, चालायचं.

दोन्ही संप्रेरकं थांबवली. इथेच पुढची चूक वाट पाहत असते आणि ती बहुतेक ठिकाणी कागदावर लिहून दिलेली नसते. संप्रेरकं एकदम थांबली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो; या बाईला तो १३ दिवस लांबवलेला, आणि वर रक्त गोठू न देणारी गोळी चालू. स्राव जोराचा होणारच. घाबरून ती पुन्हा त्याच दुकानात गेली असती तर काय मिळालं असतं? एक तर ट्रॅनेक्झॅमिक आणि मेफेनॅमिक आम्ल एकत्र असलेली गोळी. ताज्या गुठळीत ट्रॅनेक्झॅमिक वर्ज्य आहे, कारण ते गुठळी विरघळू देत नाही. आणि मेफेनॅमिक रक्तस्रावाचा धोका वाढवतं. किंवा मग ‘पाळी थांबवायला’ तीच नॉरएथिस्टेरॉन, पुन्हा १५ मिग्रॅ.

म्हणून तिला आधीच सांगून ठेवलं: तिसऱ्या दिवशी येईल, जास्त येईल, घाबरू नका, सलग दोन तास तासाला एक पॅड पूर्ण भिजलं तर रात्री-अपरात्री या, मेडिकलमधून काहीही आणू नका. तिसऱ्या दिवशी आलं. सहा दिवस चाललं. हिमोग्लोबिन ९.६ वर उतरलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

घराण्याचा इतिहास दुसऱ्या भेटीत सापडला. ‘घरात कुणाला रक्ताची गुठळी?’ याला ‘नाही’. ‘कुणाला बाळंतपणानंतर पाय सुजून पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली?’ याला लगेच, ‘हो, माझ्या बहिणीला.’ प्रोटीन एस वगैरे तपासण्यांची घाई केली नाही. ताज्या गुठळीत आणि नुकत्याच बंद केलेल्या इस्ट्रोजेनवर त्या फसव्या येतात. त्या उपचार संपल्यावर, गरज वाटली तर.

सुरुवातीलाच काय अडलं असतं

जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक गर्भनिरोधकासाठी १ ते ४ अशी वर्गवारी देते. ३ म्हणजे शक्यतो नको, ४ म्हणजे नकोच. संयुक्त गोळीसाठी रक्तदाब १४०-१५९ किंवा ९०-९९ असला तर ३. १६०/१०० पासून वर ४. पस्तिशीनंतर दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेटी ४. डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसून येणारी अर्धशिशी कोणत्याही वयात ४, पक्षाघाताच्या भीतीने. पूर्वी गुठळी झाली असेल तर ४. स्तनपान करणारीला पहिले सहा आठवडे ४, सहा महिन्यांपर्यंत ३. लठ्ठपणा एकटा २ आणि बहिणीची गुठळीही २, म्हणजे चालेल. पण जोखमी एकावर एक चढतात तेव्हा प्रत्येक ओळ वेगळी वाचून भागत नाही. रक्तदाबाचा पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात आणि संयुक्त गोळी देण्याआधीची सर्वांत कामाची तपासणी तीच. रक्ताच्या तपासण्यांची मोठी यादी लागत नाही.

जिच्यात यांतलं काही नाही अशा बाईसाठी हीच गोळी चांगली आहे, हेही इथेच लिहायला हवं. न चुकता घेतली तर वर्षाला हजारात सुमारे ३ जणींना दिवस जातात. प्रत्यक्ष वापरात, विसरण्यासकट, शंभरात ७. रक्तस्राव कमी होतो, अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका घटतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका घेत असताना किंचित वाढतो. २०१७ च्या डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात तो वर्षाला सुमारे ७,७०० बायकांमागे एक जादा इतका निघाला.

आणि पाळी लांबवणं? ते चूक की बरोबर, हा त्या बाईचा प्रश्न. औषध देणाऱ्याने त्यावर प्रवचन देऊ नये. पण गुठळीची जोखीम असलेल्या बाईला ती खरंच हवी असेल तर डॉक्टर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचा विचार करतात, कारण त्याचं इथिनिल इस्ट्राडिऑल होत नाही. गुठळी चालू असताना मात्र तेही नाही.

पुढचं गर्भनिरोधक

हा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही: रिव्हरॉक्सॅबॅनवर गर्भधारणा चालत नाही. पहिल्या दिवसापासून निरोध. छायाकडे वळावं का, असं नवऱ्याने विचारलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही आठवड्याची गोळी संप्रेरक नाही, हे खरं. पण तिच्यातलं ऑर्मेलॉक्सिफीन ज्या वर्गातलं आहे त्याच वर्गातल्या टॅमॉक्सिफेन आणि रॅलॉक्सिफेनने गुठळीचा धोका वाढतो, त्यामुळे या बाईला ती नको. तांबी ३८०ए सुरक्षित, दहा वर्षं चालते, पण पाळीचा स्राव वाढवते. रक्त पातळ असताना आणि हिमोग्लोबिन ९.६ असताना ते झेपलं नसतं. बिनटाक्याची नसबंदी नवऱ्याला समजावली. अंगमेहनतीच्या कामाला तिने काही होत नाही, मात्र तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असं दिसेपर्यंत निरोध सोडायचा नाही. तो ‘बघू’ म्हणाला. सहाव्या आठवड्यात, उपचार स्थिरावल्यावर, लेव्होनॉरजेस्ट्रेल ५२ मिग्रॅचं गर्भाशयातलं साधन बसवलं. त्याचं संप्रेरक मुख्यतः गर्भाशयातच काम करतं, इस्ट्रोजेन नाही आणि स्राव महिनोन्‌महिने कमी होत जातो.

गोळ्या थांबवून आठ आठवड्यांनी रक्तदाब १३४/८६, औषधाविना. तीन महिन्यांनी पोटरीतला फरक १ सेंमी. तिच्या कागदावर लाल अक्षरात लिहिलं: इस्ट्रोजेन असलेली कोणतीही गोळी नको, नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ नको, ‘फक्त चार दिवसांसाठी’ही नको, पुढे कधी शस्त्रक्रिया किंवा प्लास्टर झालं तर ही गुठळी आधी सांगणे.

निघताना तिने विचारलं, मुलीची पाळी फार दुखते, पुढच्या गौरी-गणपतीत तिला गोळी दिली तर? मुलीचा केसपेपर त्याच वेळी काढला. पहिली ओळ: आईला ३७ व्या वर्षी गोळ्यांवर असताना गुठळी, मावशीला बाळंतपणानंतर.